टॅप मोडतोय, बॉडी गळतेय: काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांच्या भंगारात दडलेलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम कसं ओळखायचं

एक टॅप (आटे पाडायचं हत्यार) मोडला तर आपण टॅपला दोष देतो. त्याच हीटच्या (एका वेळी वितळवलेल्या रसाच्या) मालात दुसरा मोडला तर ऑपरेटरला विचारतो, तेल सोडलं होतंस का. तिसरा मोडला की मात्र ते कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, हातात घेऊन मोडल्या जागी नीट बघा. पिवळ्या पितळात मोहरीएवढा राखाडी ठिपका दिसला आणि कानस त्याच्यावरून नुसती घसरून गेली, तर चूक मशीन शॉपची नाही. भट्टीत पितळाबरोबर लोखंड गेलेलं आहे.

दर वेळी टॅपच मोडेल असं नाही, म्हणून बाकीची लक्षणंही सांगते. बफिंग झाल्यावर नळाच्या किंवा व्हॉल्व्हच्या चकचकीत बॉडीवर बारीक टिंब आणि त्यामागे ओढल्यासारखी शेपटी दिसते. टिंब कडक असतं आणि बफ त्याच्यावरून उडी मारतो, म्हणून ती शेपटी उमटते. लेथवर उतरवलेला भाग जुलैच्या दमट हवेत रात्रभर उघडा राहिला तर सकाळी त्यावर तांबूस गंजाचे ठिपके आलेले असतात. पितळ काळवंडतं, हिरवटतं, पण असा गंज त्याला येत नाही. कधी कधी तर मळी काढताना झाऱ्यात अख्खी पुंगळीच लालभडक होऊन वर येते, आकार जसाच्या तसा. आजूबाजूचं सगळं पितळ रस झालं आणि ही वितळली नाही, याहून उघड पुरावा कुठला हवा?

अ‍ॅल्युमिनियम शिरलं असेल तर चिन्हं वेगळी. रसावर सुरकुतलेली साय धरते, बाजूला केली की लगेच पुन्हा धरते. कास्टिंग बाहेरून छान दिसतं, नेहमीपेक्षा जरा उजळच, आणि पाण्याच्या टाकीत बुडवून हवेचा दाब दिला की भिंतीतून बुडबुड्यांची बारीक माळ सुरू होते. ती साय ओतताना घडी पडून कास्टिंगच्या अंगात गेलेली असते, आणि तिच्या घडीतूनच गळती होते.

रबाळे एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. पितळी व्हॉल्व्ह आणि नळांच्या बॉड्या ओततो. वडिलांनंतर गेली चौदा वर्षं मी ती सांभाळते आणि हा दोष मी इतक्यांदा निस्तरलाय की त्याचा माग आता झोपेतही काढता येईल. पहिल्यांदा झाला तेव्हा चारशे बॉड्यांचा लॉट परत आला होता. टेम्पोतून ती खोकी उतरवताना आमचे भट्टीवाले काका म्हणाले, "ताई, माल तर पिवळाच होता." माल पिवळाच होता, ते खरंच होतं. फक्त तो पितळ नव्हता.

हा माल येतो कुठून

न्हावाशेव्याला उतरणाऱ्या आयात भंगारात पिस्तूल-रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या येतात. अमेरिकेत आणि युरोपात नेमबाजीच्या रेंजवर ढिगांनी जमतात त्या. भंगाराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक जातीला एक सांकेतिक नाव आहे. मिश्र पिवळ्या पितळाला हनी म्हणतात, झाडलेल्या छोट्या शस्त्रांच्या स्वच्छ पुंगळ्यांना लेक, आणि भाजून टिकल्या (बुडातले स्फोटक प्राइमर) फोडलेल्या पुंगळ्यांना लॅम्ब. पावतीवर लेक किंवा लॅम्ब लिहिलं असेल तर काय अपेक्षित आहे ते निदान कळतं. त्रास होतो तो हनीच्या नावाखाली आलेल्या मालात, ज्यात नळ, कुलपं, मीटरच्या बॉड्या आणि मधेच मूठमूठ पुंगळ्या असतात.

फाउंड्रीला पुंगळी आवडते त्याला कारण आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, बाकी काही मुद्दाम घातलेलं नसतं. गोळी झाडताना पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते, मागे वायू येऊ देत नाही, आणि दाब उतरला की पुन्हा आकसून सहज बाहेर पडते. हे फुगणं-आकसणं ७०:३० पितळ जसं करतं तसं स्वस्तातला धातू करत नाही. पण पितळ महाग असतं. म्हणून सरावाच्या स्वस्त काडतुसांना सौम्य पोलादाची पुंगळी वापरतात, आणि ती गंजू नये, सरकावी म्हणून तिच्यावर लाख, पॉलिमर, जस्त, तांबं किंवा पितळाचा पातळ मुलामा चढवतात. काही काडतुसांना अ‍ॅल्युमिनियमची पुंगळी असते. यातल्या पितळी मुलाम्याच्या पोलादी जातीनंच आम्हाला फसवलं होतं.

पहिली तपासणी डोळ्यांची: फुकट, आणि हिच्याशिवाय पुढे जाऊ नका

धातू कोणता हा प्रश्न नंतर. आधी पुंगळी खरोखर रिकामी आहे का ते बघायचं.

पुंगळीच्या बुडाशी मधोमध एक छोटी गोल चकती बसवलेली असते, तो प्राइमर. आमच्या शॉपमध्ये सगळे तिला टिकलीच म्हणतात, दिवाळीतल्या टिकलीसारखीच ती ठिणगी देते म्हणून. झाडलेल्या पुंगळीच्या टिकलीवर पिनेचा खोलगट ठसा असतो. पॉइंट टू-टूच्या बारक्या पुंगळीला वेगळी टिकली नसते, तिचा स्फोटक लेप बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून ठसा कडेवर शोधायचा.

तोंडात गोळी बसलेली दिसली तर ते जिवंत काडतूस आहे. ठसा असूनही गोळी जागेवरच असेल तर ते न फुटलेलं काडतूस आहे आणि त्याचा भरवसा त्याहूनही कमी. तोंड चुण्या घालून मिटवलेलं असेल तर ते आवाजाचं कोरं काडतूस असू शकतं, आत दारू असेल असंच धरा. गोळी नाही, तोंड उघडं आहे, पण टिकलीवर ठसा नाही, तर टिकली जिवंत असू शकते. भाजून फोडलेल्या मालात टिकली उष्णतेनं गेलेली असते, तिच्यावर ठसा नसतो. नुसतं बघून हा फरक सांगता येत नाही, म्हणून ठसा नसलेली प्रत्येक पुंगळी बाजूला.

जिवंत दिसलं की थांबायचं. उचलायचं नाही, घासायचं नाही, "एकच तर आहे" म्हणून खिशात टाकायचं नाही. माणसं मागे घ्या, भट्टी आणि ग्राइंडर बंद करा, ११२ ला फोन करा. पोलीस बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलावतात आणि ते येऊन घेऊन जातात. धंद्याची बदनामी होईल म्हणून लोक हा फोन टाळतात, हे मी बघितलंय. टाळू नका. शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. लपवलेलं काडतूस कागदावर तुमचंच होतं, आणि सापडल्याबरोबर कळवलेलं तुमचं राहत नाही.

हे जास्तीचं भय नाही. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातला दारूगोळा फुटून दहा कामगार गेले. त्यानंतर आयात भंगाराचे नियम कडक झाले. मालात शस्त्रं, दारूगोळा, काडतुसं, किरणोत्सारी वस्तू नाहीत, असं माल जहाजावर चढण्याआधी तपासून प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र आयातदाराकडून मागून घ्या आणि फाइलला लावा. पण प्रमाणपत्र कंटेनरभर मालाचं असतं. तुमच्या मुशीत पडणाऱ्या मुठीकडे बघायला तुम्हीच असता.

आणखी एक. कुणी मुलगा पिशवीत सात-आठ पुंगळ्या घेऊन सुटा विकायला आला, तर घेऊ नका, मग त्या कितीही शुद्ध पितळाच्या असोत. त्या कुठे उचलल्या ते तुम्हाला माहीत नाही. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात पोलीस कदाचित नेमकी तीच पुंगळी शोधत असतील.

दुसरी तपासणी लोहचुंबकाची

जुन्या स्पीकरचा चुंबक चालतो. पैसे घालायचेच असतील तर छोटा निओडिमियम चुंबक घ्या, काम वेगानं होतं.

ढिगावरून चुंबक फिरवणं हीच सगळ्यात मोठी चूक, आणि आम्ही वर्षभर तेच करत होतो. वरच्या थरातलं लोखंड येतं, खालचं येत नाही. शिवाय पुंगळी म्हणजे एक वाटीच. एकात एक अडकलेल्या असल्या तर आतली पोलादाची पुंगळी बाहेरचं पितळ घट्ट धरून ठेवते. पत्र्याऐवजी प्लास्टिकचा किंवा लाकडी ट्रे घ्या, पुंगळ्या एका थरात पसरा, ट्रे जरा हलवा, मग चुंबक अगदी जवळून फिरवा. पहिल्या फेरीनंतर ट्रे पुन्हा हलवून दुसरी फेरी मारा. आमच्याकडे दुसऱ्या फेरीतही दर वेळी काही ना काही निघतंच.

चिकटलेली पुंगळी तशीच टाकून देऊ नका, कुठे चिकटली ते बघा. अंग चिकटलं तर पुंगळी पोलादाची. फक्त बूडच ओढलं जात असेल तर टिकली पोलादी असू शकते आणि पुंगळी पितळाची. अंग चिकटतं पण बूड चिकटत नाही, असं चांदीसारखं दोन तुकड्यांचं काही हातात आलं तर तीही एक जात आहे: २०१६ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलेली, स्टेनलेसचं अंग आणि निकेल चढवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं बूड. पितळाच्या भट्टीत तिचे दोन्ही भाग नकोत.

चुंबक महत्त्वाचा का, तर रंगाशी त्याला देणंघेणं नाही. मुलामा पितळाचा असो, तांब्याचा असो, हिरव्या लाखेचा असो, खालचं पोलाद ओढलं जातंच. पण त्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. चुंबक फक्त पोलाद काढतो. न चिकटलेलं सगळं पितळ असतं, असं नाही.

तिसरी तपासणी रंग आणि हाताला लागणारं वजन

चुंबकानं न धरलेल्या ट्रेमध्ये आता पिवळ्या आणि पांढुरक्या पुंगळ्या उरतात. पिवळ्यांचं पुढे बघू. पांढुरक्यांत दोन जाती मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करणं फार सोपं आहे.

एक अ‍ॅल्युमिनियमची. फिकट राखाडी, मंद, तळहातावर ठेवली तर काही ठेवलंय असं वाटतच नाही. दुसरी निकेलचा मुलामा दिलेली पितळाची, म्हणजे आपण गिलीट म्हणतो ती. आरशासारखी चकचकीत आणि हाताला भरीव. नाइन एमएमची पितळी पुंगळी साधारण चार ग्रॅमची भरते, अ‍ॅल्युमिनियमची तिच्या निम्म्याहून कमी. दोन्ही तळहातांवर एकेक ठेवली की कुणालाही कळतं. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलीला मी आधी हेच शिकवते, डोळे मिटून. दहा मिनिटांत हात तयार होतो.

गिलीट केलेली पुंगळी साध्या चुंबकाला चिकटत नाही. निओडिमियमला कधी किंचित ओढ जाणवते, कारण निकेललाही चुंबक ओढतो, पण थर फार पातळ असतो. किंचित ओढ आणि खाडकन चिकटणं यातला फरक बोटांना समजतो.

पोलाद आणि पितळ मात्र वजनावर वेगळं काढायला जाऊ नका, दोघांचं वजन फार जवळ असतं. आवाजावर ओळखणारे जुने लोक आहेत, फरशीवर टाकून ऐकतात. शांत गोदामात जमेल. ठाणे-बेलापूर रस्त्यावर दार उघडणाऱ्या शॉपमध्ये नाही.

बुडावरची अक्षरं वाचायची सवयही चांगली. केएफ म्हणजे आपली खडकीची दारूगोळा फॅक्टरी, ओएफव्ही म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. परदेशी मालावर कारखान्याचं नाव आणि काडतुसाचं माप असतं. पण अक्षरं म्हणजे फक्त अंदाज. ब्लेझर हे नाव अ‍ॅल्युमिनियमच्या पुंगळीवरही येतं आणि पितळाच्याही. अक्षरं वाचून डबा ठरवू नका.

तडकलेली पुंगळी दिसली म्हणजे धातू हलका, असंही नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळच्या कोठारांत ठेवली की आपोआप तडकायची. १९२१ मध्ये त्याचं कारण नीट मांडलं गेलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळाच्या अंगात घडवताना राहिलेला ताण. तडकणं ही उलट ७०:३० पितळाचीच खोड आहे. अशी पुंगळी वितळवायला अगदी बरी.

चौथी तपासणी कानशीची, मग मोरचुदाची

प्रत्येक पुंगळी घासणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. प्रत्येक गोणीतून मूठभर नमुना घ्या, गोणीच्या तोंडाचा, मधला आणि तळाचा. ठसा बघून रिकामी ठरलेली पुंगळीच कानशीखाली घ्यायची, हे पुन्हा सांगते.

तोंडाची कड पातळ असते, तिथे कानस लगेच आरपार जाते आणि काही कळत नाही. बुडाची कड जाड असते. तिथे कानशीचे तीन-चार हात मारा आणि खाली कोणता रंग येतो ते उजेडात बघा. शेवटपर्यंत पिवळा तर पितळ. पिवळ्याखाली राखाडी तर मुलाम्याचं पोलाद. चांदीखाली पिवळा तर गिलीट. पांढरा आणि मऊ, कानशीच्या दातांत चिकटणारा, तर अ‍ॅल्युमिनियम. टिकलीला कानस लावायची नाही, कधीच नाही.

राखाडी आहे की नुसती सावली पडलीय, असा संशय राहिला तर मोरचूद (कॉपर सल्फेट). शेतीच्या दुकानात मिळतो, बोर्डो मिश्रणात घालतात तो. प्लास्टिकच्या कपात पाव कप पाण्यात छोटा चमचाभर विरघळवा आणि घासलेल्या जागेवर काडीनं एक थेंब सोडा. पोलाद असेल तर काही सेकंदांत त्या जागी तांब्याची लाली चढते, कारण लोखंड विरघळून आपली जागा तांब्याला देतं. पितळावर तसं काही दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर नुसता मोरचूद बराच वेळ गप्प बसतो, कारण त्यावर ऑक्साइडचं कवच असतं. थेंबात मिठाचे चार कण टाकले की कवच तुटतं, बुडबुडे येतात आणि तपकिरी गाळ बसतो. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, तो कप पुन्हा चहाला वापरू नका आणि उरलेलं पाणी गटारात ओतू नका.

पाचवी तपासणी पाण्यातलं वजन

ही मला सगळ्यात आवडते, कारण इथे अंदाज संपतो आणि आकडा येतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, बादली आणि नायलॉनची जाळी एवढंच लागतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे चालत नाही, का ते खाली कळेल.

नमुन्यातल्या साधारण २०० ग्रॅम पुंगळ्या कोरड्या करून तोला. मग जाळीत घालून, काट्याखाली टांगून, पूर्ण पाण्यात बुडलेल्या स्थितीत पुन्हा तोला. रिकाम्या जाळीचं पाण्यातलं वजन वजा करा. दोन वजनांतला फरक म्हणजे पुंगळ्यांनी सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला या फरकानं भागा. पितळ असेल तर ८.५ च्या आसपास येईल, पोलाद असेल तर ७.८, अ‍ॅल्युमिनियम असेल तर २.७.

२०० ग्रॅमला पितळात फरक साडेतेवीस ग्रॅमचा येतो आणि पोलादात साडेपंचवीसचा. सगळा निकाल दोन ग्रॅमवर अवलंबून आहे, म्हणून बारीक काटा.

पुंगळीत अडकलेली हवा इथे दर वेळी फसवते. तोंड खाली करून बुडवली तर बुडाशी बुडबुडा राहतो आणि पितळ हलकं भरतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, जाळी पाण्यातच गोल फिरवा, बादलीच्या कडेला आपटा, बुडबुडे यायचे थांबले की मगच आकडा लिहा. पहिल्या दिवशी माझा आकडा ७.९ आला होता आणि मी चांगला लॉट परत पाठवायला निघाले होते. काकांनी जाळी दोनदा आपटली, भराभर बुडबुडे आले आणि आकडा ८.४ वर गेला.

निवडलेलं पितळ भट्टीत टाकण्याआधी

धातू ओळखला म्हणजे काम झालं, असं नाही. पुंगळी ही वाटी आहे आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. गोणी बाहेर राहिली की प्रत्येक पुंगळीत थेंब-दोन थेंब पाणी साचतं. ते पाणी रसाच्या खाली गेलं की क्षणात वाफ होते आणि रस छतापर्यंत उडतो. मुशीसमोर माणूस उभा असतो. पुंगळ्या भट्टीच्या कडेला पत्र्यावर पसरून पूर्ण कोरड्या आणि गरम झाल्याशिवाय आम्ही मुशीत टाकत नाही, मग ऑर्डर कितीही अडलेली असो.

टिकलीच्या स्फोटक लेपात शिशाचं संयुग असतं, त्याची काजळी झाडलेल्या पुंगळीला आतून लागलेली असते. निवडणाऱ्या बायका दिवसभर त्यातच हात घालतात. हातमोजे आणि मास्क द्या, कोरडा झाडू मारू देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसायला सांगा, आणि त्या टेबलावर डबा उघडू देऊ नका. घरी जाण्याआधी हात-तोंड धुणं आणि कपडे बदलणं यासाठी वेळ द्या, तो पगारातलाच वेळ धरा. घरी लहान मूल असेल तर शिसं सगळ्यात जास्त त्याला बाधतं.

जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि ७०:३० पितळ साधारण साडेनऊशेला पूर्ण वितळतं. म्हणजे पितळ रस होतानाच जस्ताचा पांढरा धूर निघतो. ज्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो तो हा धूर प्यायलेला असतो. दूध किंवा गूळ त्यावर उपाय नाही. हुड आणि पंखा नीट करा, आणि ताप आलेल्याला डॉक्टरकडे न्या.

आधीच भट्टीत गेलं असेल तर

पोलाद गेल्याचं लक्षात आलं तर ते वितळावं म्हणून आच वाढवू नका. पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास वितळतं, तिथवर तुमची भट्टी जाणार नाही. आच वाढवली की जस्त जास्त जळतं आणि लोखंड रसात आणखी मुरतं. तेच पुढे कडक ठिपके होतात. आच आटोक्यात ठेवा, झाऱ्यानं तळापासून हलकेच चाळून अख्खे तुकडे काढून टाका, आणि उरलेल्या रसाचे बॉड्यांऐवजी पाट (धातूच्या साध्या लाद्या) ओता.

अ‍ॅल्युमिनियम मात्र चाळून निघत नाही, ते पितळात विरघळून जातं. एक टक्का अ‍ॅल्युमिनियम पितळात सहा टक्के जस्त वाढवल्यासारखं वागतं. म्हणून मूठभर अ‍ॅल्युमिनियमच्या पुंगळ्यांनीही सगळ्या हीटचं गणित बिघडतं. त्याचेही पाट ओता, खडूनं तारीख घाला आणि वेगळे ठेवा. दाब सहन करायच्या बॉड्या त्यातून ओतू नका. व्हॉल्व्ह कुणाच्या तरी गॅसच्या नाहीतर पाण्याच्या लाइनवर बसणार असतो.

इथून पुढे आपलं काम नाही

एवढं करूनही कडक ठिपके किंवा गळती थांबत नसेल तर घरच्या तपासण्या संपल्या. त्या हीटचं छोटं बटण (चकतीसारखा नमुना) ओता, एक बाजू ग्राइंडरवर सपाट करा आणि धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोला (धातूतल्या घटकांचे टक्के सांगणाऱ्या यंत्रतपासणीला) द्या. ठाण्यात वागळे इस्टेटकडे आणि इथे एमआयडीसीतही अशा लॅब आहेत. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, शिसं, निकेल यांचे टक्के वेगवेगळे लिहून मागा, नुसतं "पितळ" असा शेरा घेऊन येऊ नका.

हातातली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र) घेऊन कुणी पुंगळीवरच रोखली तर त्याला थांबवा. ती गन पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते. गिलीट केलेल्या पितळावर ती निकेल जास्त दाखवेल आणि मुलाम्याच्या पोलादावर तांबं-जस्त फुगवून सांगेल. पुंगळी उभी कापून आतला उघडा धातू दाखवा, नाहीतर ओतलेलं बटणच द्या.

ठसा नसलेल्या पुंगळ्यांची बादली भरत आली असेल तर ती स्वतः भाजून फोडायचा प्रयत्न करू नका, आमच्या लाइनीत एका गाळ्यात तो झालाय आणि पत्रा फाडून तुकडा बाहेर आला होता. पुरवठादाराला लेखी कळवा, आणि तो टाळाटाळ करत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या. ती बादली सावलीत, भट्टीपासून आणि वेल्डिंगपासून लांब, झाकण सैल ठेवून, वर तारीख लिहून ठेवा.